१० एक्सचं घडीचं भिंग: अख्खा उन्हाळा वापरून झाल्यावर

उन्हाळा सरत आला आणि भिंग अजून गळ्यातच आहे, म्हणून म्हटलं आता लिहूनच टाकू. साडेतीन महिने रोज वापरलंय. रोज म्हणजे खरंच रोज, ताप आला होता ते दोन दिवस सोडून. विकत घेतलेल्या वस्तूबद्दल मी सहसा काही लिहीत नाही, पण या एका छोट्या काचेने माझा उन्हाळा इतका बदललाय की ज्यांना झाडापानांची आवड आहे आणि जे उन्हाला वैतागून घरात बसतात त्यांना सांगावंसं वाटतंय.

वस्तू काय आहे ते आधी सांगते. घडी घालून कव्हरमध्ये सरकवायचं भिंग, सराफ डोळ्याला लावून खडे तपासतात ना तसलं. १० एक्स म्हणजे दहापट मोठं दाखवणारं, काच २१ मिलिमीटरची, आत तीन काचा चिकटवलेल्या म्हणजे ट्रिप्लेट, कव्हर धातूचं, टोकाला दोरी ओवायला छोटी कडी. बॅटरी नाही, चार्जिंग नाही, खिशात टाकलं तर जाणवतही नाही. ब्रँडचं नाव देत नाही कारण अशी भिंगं बऱ्याच कंपन्या करतात आणि खाली सांगितलेल्या गोष्टी तपासून घेतल्या तर कुठलंही चालेल.

घ्यायची वेळ का आली तर उन्हामुळे. एरवी मी लांब फिरते, टेकडी असो नदीकाठ असो, दोन तीन तास सहज जातात. पण ऊन तापायला लागलं की सकाळचा अर्धा पाऊण तास हातात राहतो, त्यानंतर डोकं दुखायला लागतं. त्यात सगळं वाळलेलं, नुसतं उभ्याने बघितलं तर काडक्या आणि धूळ. मागच्या वर्षी मी वैतागून बघणंच सोडून दिलं होतं. यावेळी ठरवलं की लांब जायचंच नाही, घराच्या कुंपणाची भिंत, तिच्या बुडाशी मातीची पट्टी आणि सिमेंटच्या दोन भेगा, एवढंच बघायचं पण नीट बघायचं. आणि नीट बघायचं तर भिंग हवं.

पहिलं घेतलं ते फसलं. एका ऑनलाइन दुकानातून मागवलं, वर मोठ्या अक्षरात ३० एक्स लिहिलेलं, काच चांगली मोठी २१ मिलिमीटरची. हातात घेतल्यावर काहीतरी चुकतंय असं वाटलं, कडेला सगळं वाकडं दिसायचं, फुलाच्या पाकळीला निळी पिवळी किनार यायची आणि ३० पट मोठं तर काही वाटेना. मग हिशोब करून बघितला आणि हा हिशोब प्रत्येकाने घेण्याआधी करावा असा आहे. भिंगाचं केंद्रांतर, म्हणजे काचेपासून किती अंतरावर ऊन एका बिंदूत गोळा होतं ते, मिलिमीटरमध्ये घ्यायचं आणि २५० ला त्याने भागायचं, येतो तो आकडा म्हणजे किती पट. म्हणजे १० एक्सचं केंद्रांतर २५ मिलिमीटर, २० एक्सचं साडेबारा आणि खरोखर ३० एक्स असेल तर जेमतेम ८ मिलिमीटर. आता एवढ्या कमी अंतराची काच इतकी रुंद आणि चपटी असूच शकत नाही, ती मुगाच्या दाण्यासारखी बारकी गोलसर असायला हवी. मोजायचं कसं, तर खोलीत खिडकीच्या समोरच्या भिंतीजवळ उभं राहायचं, भिंग भिंतीजवळ धरायचं, मागे पुढे करायचं, एका जागी भिंतीवर खिडकीचं छोटंसं उलटं चित्र स्वच्छ उमटतं. काच आणि भिंत यातलं अंतर पट्टीने मोजायचं. माझं आलं २८ मिलिमीटर. म्हणजे ३० एक्स नव्हेच, ९ च्या आसपास. मोजमाप अगदी काटेकोर नाही पण ९ आणि ३० मधला फरक कळायला पुरेसं आहे. मी ते परत केलं, परत करतानाही बरीच हुज्जत झाली, पण ते जाऊ दे.

दुसरं घेताना दोनच गोष्टी बघितल्या, १० एक्स आणि ट्रिप्लेट. ट्रिप्लेटमध्ये तीन काचांचा जोड असल्यामुळे रंगांची किनार आणि कडेचं वाकडेपण जवळजवळ जातं. तपासायला आलेखाचा कागद घ्यायचा. भिंगातून चौकटी बघायच्या, अगदी काठापर्यंत रेषा सरळ राहिल्या आणि रेषेला रंग सुटले नाहीत तर भिंग चांगलं. माझ्यात अगदी कडेची एक बारीक गोलाई आहे ती सोडली तर सरळ आहेत. मोठा आकडा घेण्याच्या नादी लागू नका हे मी मनापासून सांगते. मैत्रिणीचं २० एक्स दोन दिवस वापरून बघितलं, फुलाच्या इतकं जवळ जावं लागतं की स्वतःचीच सावली पडते, हात जरा हलला की सगळं गायब, आणि फुलाचा वरचा भाग स्पष्ट दिसतो तेव्हा खालचा पुसट. झाडांसाठी १० हे बरोबर आहे.

आता धरायचं कसं. हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे कारण दहातले नऊ जण चुकीचं धरतात, मी पण पहिला आठवडा तसंच धरत होते, हात लांब करून भिंग फुलावर आणि डोकं वर, सिनेमातल्या गुप्तहेरासारखं. तसं धरलं की एवढुंसं वर्तुळ दिसतं आणि कंटाळा येतो. भिंग डोळ्याला लावायचं, पापणी जवळजवळ टेकेल इतकं. भिंगाच्या हाताचा अंगठा गालावर टेकवायचा म्हणजे हात हलत नाही. मग दुसऱ्या हातात फूल किंवा पान घेऊन ते हळूहळू जवळ आणायचं, दोन अडीच सेंटिमीटरवर आलं की एकदम लख्ख होतं. दोन्ही हात एकमेकांना टेकवले तर अजून बरं. दुसरा डोळा मिटायचा नाही, पहिले दोन दिवस गोंधळ होतो मग मेंदू आपोआप त्याच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो आणि डोळा थकत नाही. चष्मा असेल तर चष्म्यावरच लावा, काही बिघडत नाही. आणि तोंड उजेडाकडे करून उभं राहायचं, म्हणजे बघायच्या वस्तूवर सावली पडत नाही. जमिनीलगतचं झाड असेल तर सरळ पालथं पडायचं, सकाळी सहाला जमीन त्यातल्या त्यात गार असते.

डेल्फ्टचा लेव्हेनहूक (१६३२ ते १७२३), मूळ कापडाचा व्यापारी, त्याने एकाच काचेच्या मण्यातून सूक्ष्म जीव बघितले. त्याची काही भिंगं अजून शिल्लक आहेत, त्यातलं एक साधारण २६६ पट मोठं दाखवतं. तेही डोळ्याला लावूनच बघायचं होतं. भिंग डोळ्यापाशी हा नियम तेव्हापासूनचा आहे.

आता प्रत्यक्ष काय दिसलं ते. इथे मला थांबवणं अवघड आहे.

सुरुवात एकदांडीने केली कारण ती कुठेही असते, भेगेत, पायरीच्या कडेला, आणि भर उन्हाळ्यातही तिला फूल असतंच. लांब एकच दांडा आणि त्यावर एक फूल म्हणून एकदांडी. नुसत्या डोळ्याला मध्ये पिवळा ठिपका आणि भोवती चार पाच पांढरट पाकळ्या. भिंगातून बघितलं तर ते एक फूल नाहीच, पिवळा ठिपका म्हणजे दाटीवाटीने उभी असलेली बारीक बारीक फुलं, प्रत्येकाला स्वतःच्या पाच पाकळ्यांची टोकं. बाहेरची ‘पाकळी’ पण एक स्वतंत्र फूल आणि तिच्या टोकाला तीन दाते. हे पुस्तकात वाचलेलं होतं, सूर्यफुलाच्या कुळात असंच असतं. पण मधली फुलं बाहेरून आत अशी क्रमाने उमलताना बघणं वेगळं. एकाच गुच्छात बाहेरच्या ओळीतल्या फुलातून नळी वर येऊन तिची टोकं दोन बाजूंना वळलेली, त्याच्या आतल्या ओळीत ती नळी नुकती पराग ढकलत वर येतेय, आणि मधोमध अजून बंद कळ्या. म्हणजे तीन दिवसांचं काम एका नखाएवढ्या जागेत एकाच वेळी दिसतं. वाळल्यावर बी बघा, तिच्या डोक्यावरचा प्रत्येक केस हा केस नसतो, पिसासारखा असतो, मधल्या काडीला दोन्हीकडून तंतू. मी फुंकर मारली आणि ते उडून गेलं तर क्षणभर वाईट वाटलं.

मग दुधी. वेलीवरचा भोपळा नाही, तोडली की पांढरं दूध येतं ते तण. ही मी आयुष्यभर तुडवत आलेय. तिचे पानांच्या बगलेतले हिरवट गुच्छ म्हणजे फुलं असतील असं कधी वाटलंच नाही. भिंगाखाली छोटे पेले दिसतात, एका पेल्यात नराची काही फुलं आणि मादीचं एकच. नराचं फूल म्हणजे फक्त एक पुंकेसर, बाकी काही नाही, पाकळी नाही बिकळी नाही. मादीचं फूल देठावर पेल्याबाहेर लोंबतं आणि त्याचंच तीन भागांचं फळ होतं. आता भिंगाचा खरा उपयोग इथे कळतो. माझ्या भेगेत दोन प्रकारच्या दुध्या होत्या, एक जरा उभी आणि एक जमिनीला चिकटून पसरलेली, आणि फोटो टाकून नाव सांगणारं एक अ‍ॅप दोन्हींना एकच नाव देत होतं. फळ भिंगाखाली घेतलं, उभ्या दुधीच्या फळावर सगळीकडे बारीक लव, पसरलेल्या दुधीच्या फळावर लव फक्त तीन कडांवर आणि मधला भाग गुळगुळीत. संपलं, नाव नक्की, पहिली युफोर्बिया हिर्टा आणि दुसरी युफोर्बिया प्रोस्ट्राटा. हा फोटो भिंगातूनच फोनने काढला आणि आयनॅचरलिस्ट या निसर्गातल्या नोंदींच्या संकेतस्थळावर टाकला, तिथे नाव सांगणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांपेक्षा जास्त जण एकाच जातीवर सहमत झाले की नोंद ‘रिसर्च ग्रेड’ म्हणजे संशोधनाला वापरण्याजोगी धरली जाते. असे जवळून काढलेले फोटो असले की इतरांनाही नाव सांगणं सोपं जातं.

घोळ. मला वाटतं या उन्हाळ्यात मी सर्वात जास्त वेळ घोळीसमोर घालवलाय. आजूबाजूला सगळं करपलेलं आणि ही मजेत, जाड पानं, लालसर देठ, मे महिन्यातल्या दुपारनंतरही टवटवीत. कारण तिच्याकडे उन्हाशी लढायचे दोन मार्ग आहेत. एक मका उसासारखा, ज्याला सी-४ म्हणतात, हवेतला कार्बन डायऑक्साइड आधी पकडून मग आतल्या पेशींना पोचवायचा, त्यामुळे कडक उन्हातही काम थांबत नाही. आणि पाणी फारच कमी पडलं की निवडुंगासारखं, रंध्रं म्हणजे पानावरची बारीक छिद्रं रात्री उघडायची, कार्बन डायऑक्साइड साठवून ठेवायचा आणि दिवसा दारं बंद करून तो वापरायचा. २०२२ मध्ये येल विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की घोळीत हे दोन्ही मार्ग वेगवेगळ्या पेशींत नाही तर त्याच पेशींत एकमेकांत गुंफून चालतात. ते अर्थातच भिंगातून दिसत नाही. पण दिसतं ते फळ. घोळीचं फूल सकाळी काही तासच उघडतं, पिवळं, आणि नंतर त्याची एक टोकदार डबी होते. ही डबी पिकली की मधोमध गोल चीर पडते आणि वरचा अर्धा भाग झाकणासारखा निघून येतो. अगदी डबीचं झाकण. एकदा मी भिंग लावून बघत असतानाच माझ्या श्वासाने झाकण उडालं आणि आत काळ्या बिया, चकचकीत, मिलिमीटरपेक्षा लहान, आणि प्रत्येकीवर ओळीने बारीक दाणे, वर्तुळात मांडलेले. मी किती वेळ बघत होते माहीत नाही. घरातून हाक आली तेव्हा भानावर आले, गुडघ्यावर खड्यांचे ठसे उठले होते.

आंबोशी सावलीच्या कोपऱ्यात होती, नळ गळतो तिथे. तिची तीन बदामी पानं ऊन वाढलं की छत्रीसारखी मिटतात हे नुसत्या डोळ्यालाही दिसतं. तिची शेंग मात्र भिंगाने बघायच्या आधी सावध राहा, पिकलेल्या शेंगेला हात लागला की बिया फटाफट उडतात, माझ्या भिंगाच्या काचेवर टकटक आवाज आला. बीभोवती पांढरी ओली पिशवी असते, तीच उलटी होऊन बी फेकते. काचेवर चिकटलेली रिकामी पिशवी मी मग त्याच भिंगातून बघितली.

आणि शेवाळ. सगळ्यांना सांगते की भिंग घेतलं तर पहिल्या दिवशी हेच करा, यासाठी फुलांची पण गरज नाही. भिंतीवर वाळलेल्या शेवाळाचे काळपट तपकिरी गोळे असतात ना, हात लावला तर चुरा होईल असे. मेलेलेच वाटतात. भिंग डोळ्याला लावा, दुसऱ्या हाताने बोटाच्या टोकावरून पाण्याचा एक थेंब त्यावर सोडा आणि बघत राहा. पिळ पडून दांड्याला चिकटलेली पानं एकेक करून सुटायला लागतात, बाहेर वळतात, आणि रंग तपकिरीतून हिरवा होत जातो, हे सगळं मिनिटाभराच्या आत. या झाडांना मुळं नाहीत, पाणी साठवायची सोय नाही, वाळायचं आणि पुन्हा भिजलं की उठायचं एवढंच. मी रोज थेंब टाकत नाही, आठवड्यातून एकदा आणि दरवेळी दुसऱ्या गोळ्यावर, कारण उगाच जागं करून पुन्हा वाळवणं म्हणजे त्याची साठवलेली शक्ती खर्च होते. शेजारच्या काकूंना दाखवलं, त्या आधी म्हणाल्या “अगं मी ती भिंत घासून घेणार होते,” आणि थेंब पडल्यावर गप्पच झाल्या. भिंत अजून घासलेली नाही.

रुईबद्दल लिहिताना आधी धोका सांगते. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याच्या बाहुलीवरच्या पारदर्शक पडद्याला इजा होते, नजर अंधुक होते, आणि भिंग म्हणजे डोळ्याच्या एक इंचावर झाड आणणं. त्यामुळे रुईचं काहीही तोडून भिंगाखाली धरायचं नाही, खाली पडलेलं आणि सुकलेलं फूलच घ्यायचं आणि नंतर हात साबणाने धुवायचे. तेवढं पाळलं तर रुईचं फूल म्हणजे खजिना आहे. मधोमध पाच कोनी चकती असते, तिच्या प्रत्येक कोपऱ्यात एक गडद तपकिरी ठिपका. तो ठिपका म्हणजे चिमटा. टाचणीच्या टोकाने अलगद वर उचलला तर त्याला लटकलेल्या दोन पिवळ्या पिशव्या बाहेर येतात, रुईचे सगळे पराग या पिशव्यांत भरलेले. मोठा काळा सुतारभुंगा फुलावर बसला की त्याचा पाय खाचेत अडकतो आणि चिमट्यासकट पिशव्या घेऊन तो पुढच्या फुलावर जातो. सुट्या परागांची धूळ नाही, पार्सलच. मी सहा पडलेली फुलं तपासली, त्यातल्या दोनात एकेका कोपऱ्यातला चिमटा गायब होता, म्हणजे भुंगा येऊन गेला होता. ते रिकामे कोपरे बघून जो आनंद झाला तो सांगता येणार नाही.

रुईच्याच कोवळ्या शेंड्यावर पिवळाधमक मावा होता, पाय काळे. झाडाला हात न लावता, फांदी दुसऱ्या कोणाला तरी वाकवून धरायला सांगून बघितलं. एक मोठी मादी आणि तिच्या मागून पिल्लू बाहेर येत होतं, पाय हलवत. मावा नराशिवाय आणि अंडी न घालता थेट पिल्लं देतो म्हणूनच चार दिवसांत शेंडा भरून जातो. पण त्याच गर्दीत काही मावे फुगून तपकिरी झालेले, हलत नव्हते, आणि एकाच्या पाठीवर टाचणीने पाडावं तसं गोल भोक. आत वाढलेली चिमुकली गांधीलमाशी ते भोक पाडून उडून गेली होती. औषध फवारायची घाई करणाऱ्यांनी हे एकदा बघावं, झाडावर बंदोबस्त आधीच चालू असतो.

आता तक्रारी. हे भिंग उन्हाळ्यात वापरायला त्रास आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही.

पहिला त्रास घामाचा. भिंग डोळ्याला लावलं की काचेवर वाफ धरते, भुवईचा घाम काचेवर उतरतो. मी कपाळाला रुमाल बांधते, तरी सात वाजल्यानंतर दर दोन मिनिटांनी काच पुसावी लागते. पुसताना आधी फुंकून धूळ उडवा आणि मगच चष्म्याच्या मऊ कापडाने पुसा, मी पहिल्या महिन्यात ओढणीने पुसलं आणि धुळीच्या कणाने एक बारीक ओरखडा पडला तो कायमचा राहिला. दुसरं, धातूचं कव्हर उन्हात भयंकर तापतं. हवामानाच्या बातमीत जे तापमान सांगतात ते सावलीत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर मोजलेलं असतं, जमिनीलगत उघड्यावर त्याहून कितीतरी जास्त तापतं, तिथे ठेवलेलं भिंग उचलवत नाही. आणि तिसरी गोष्ट त्रास नाही, धोका आहे. उघडं भिंग उन्हात कधीही ठेवायचं नाही. इतक्या कमी केंद्रांतराची रुंद काच ऊन एका बिंदूवर आणते, खाली वाळकं गवत असेल तर पेट घेईल. माझ्या वहीवर एकदा तपकिरी डाग पडला आणि जळका वास आला तेव्हा कळलं, मी दोन मिनिटंच बाजूला ठेवलं होतं. बघून झालं की घडी बंद, ही सवय लावून घ्या, मुलांच्या हातात देणार असाल तर हे आधी शिकवा. भिंगातून सूर्याकडे बघायचं नाही हे तर आहेच, एक क्षणही नाही.

फोटोचं म्हणाल तर जमतं पण धीर लागतो. फोनच्या कॅमेऱ्यावर भिंग चिकटवून धरायचं आणि फोन पुढे मागे करायचा, वीसातला एक बरा येतो. वारा असेल तर सोडून द्या. आणखी एक, हे एकट्याने बघायचं यंत्र आहे. दुसऱ्याला दाखवायचं तर त्याच्या हातात द्यावं लागतं, तोवर फूल हलतं, मग “कुठे, मला तर काहीच दिसत नाही” हा संवाद. घरच्यांना दाखवायचं असेल तर आधी त्यांना नाणं किंवा कापडाची वीण बघायला द्या, धरायची पद्धत कळली की मग फूल.

काय दिसत नाही तेही सांगते म्हणजे कोणी निराश होणार नाही. पानाची रंध्रं १० एक्समध्ये दिसत नाहीत, त्याला सूक्ष्मदर्शक लागतो. परागाचे कण दिसतात ते नुसते दाणे म्हणून, त्यावरची नक्षी नाही. पण पानावरची लव दिसते, ग्रंथी दिसतात, एरंडाच्या देठावर पात्याजवळ जे फुगीर बटण असतं त्यावर मधाचा थेंब आणि तो चाटणारी मुंगी दिसते, हराळीच्या बारीक तुऱ्यातून बाहेर आलेली जांभळी पिसं दिसतात, म्हणजे गवतालाही फुलं येतात हे पटतं. मला इतकं पुरे आहे. गाजरगवत मात्र मी भिंगाखाली घेत नाही, त्याची त्वचेला ॲलर्जी होते आणि चेहऱ्याजवळ आणायची वस्तू नाही ती.

कोणी घ्यावं? ज्याला उन्हाळ्यात लांब जाता येत नाही त्याने. गुडघे दुखतात म्हणून चालणं कमी झालंय त्यानेही, कारण एक कुंडी आणि एक खुर्ची पुरते, कुंडीत आपोआप उगवलेलं तण उपटू नका फक्त. ज्याला फक्त फोटो काढायचेत त्याने फोनला लावायची मॅक्रो लेन्स घ्यावी, भिंग घेऊन चिडचिड होईल. पाचपैकी मी साडेचार देईन, अर्धा गुण धातूच्या कव्हरचा आणि दोरीचा कापला, सोबत आलेली दोरी तिसऱ्या आठवड्यात तुटली. मी आता जाड सुती दोरी लावलीये आणि तीही भडक लाल, कारण गवतात पडलेलं भिंग शोधताना एक अख्खी सकाळ गेली होती.

सध्या भेगेतल्या गोखरूवर लक्ष आहे. पिवळं फूल येऊन गेलं, आता हिरवं फळ धरलंय. त्याचे पाच तुकडे होतात, प्रत्येकाला दोन मोठे काटे आणि दोन लहान, कसाही पडला तरी एक काटा वर राहतोच. काल भिंगातून तुकड्यांमधली चीर पहिल्यांदा दिसली, केसाएवढी. उद्या सहाला परत बघणार आहे, यावेळी चप्पल घालून.